कडक भाकरीच्या धंद्यासाठी वेबसाइटचं नाव ठरत नाहीये, चार दिवसांत पाउच छपाईला जातोय

सोलापूरची सून

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं "डोमेन सुचवा" म्हटलं की सगळे "छोटं घ्या" एवढंच सांगतात.

आमचा धंदा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा. सासूबाईंनी घरातून सुरू केला, आता आम्ही नऊ जणी मिळून करतो. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून कडक होऊ द्यायची. चटणी अजून उखळातच कुटतो. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची भुकटी होते, उखळात तेल सुटतं आणि चटणी मुठीत गोळा धरते. आजवर सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या. दिवाळीत मात्र एका दिवसात इतके मेसेज आले की कुणाचे पैसे जमा झालेत आणि कुणाचा पत्ता राहिलाय याचा मेळच लागेना. म्हणून वेबसाइट.

घाई अशासाठी, की यंदा पहिल्यांदाच छापील पाउच करतोय. छपाईवाले म्हणतात, चार रंगांचे छपाईचे चार सिलिंडर बनणार, एकदा बनले की एक अक्षर बदलायचं तरी नवा सिलिंडर. वेबसाइटचं नाव पाउचच्या मागे छापायचंय, आणि ते चार दिवसांत द्यायचंय.

डोक्यात असलेली नावं अशी:

पहिलं, "सोलापूर कडक भाकरी" इंग्रजी अक्षरांत सलग, डॉट कॉम. अठरा अक्षरं होतात. मिळतंय.

दुसरं तेच, पण शब्दांच्या मधे आडवी रेघ. वाचायला सोपं पडेल असं भाच्याचं म्हणणं.

तिसरं, "काटवट". हे माझ्या मनातलं. सासूबाईंची सागवानी काटवट आहे, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, त्यांच्या आईने लग्नात दिलेली. पीठ मळून मळून तळ गुळगुळीत झालाय, एका कडेला तडा गेला होता तिथे पत्र्याची पट्टी ठोकलीय. आमच्या धंद्यातली पहिली भाकरी तीत मळली.

चौथं, एक छोटंसं इंग्रजी नाव. त्याचं डॉट कॉम कुणीतरी घेऊन विकायला ठेवलंय, पावणेदोन लाख मागताहेत.

पाचवं, "काटवट डॉट भारत", पूर्ण देवनागरीत.

आणखी एक. वेबसाइट करणारा मुलगा म्हणतोय, "ताई, तुम्ही त्यात पडू नका, मी माझ्या अकाउंटवर घेऊन टाकतो, वर्षाचे चार हजार द्या." हे बरोबर आहे का?

नेटवर्कवाला, बंगळूर

ताई, सगळ्यात आधी एक. तुम्ही नावं उघड्यावर लिहिलीत. यातलं जे घ्यायची जरा जरी शक्यता असेल ते आज रात्रीच घेऊन ठेवा. साधं डॉट कॉम वर्षाला हजार-बाराशेच्या आसपास पडतं, वर अठरा टक्के जीएसटी. नाव मोकळं आहे का हे तपासायचं आणि घ्यायचं, दोन्ही एकाच बैठकीत. बाकीचं सावकाश लिहितो.

तासगावचा बेदाणा

ताई, काटवटीचं वाचून आजीची आठवण आली. पण आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याची किंमत मी मोजलीय.

नाही. त्या मुलाला त्याच्या अकाउंटवर घेऊ देऊ नका. मुलगा चांगला असेल, खोट काढत नाही. पण डोमेन ज्याच्या अकाउंटवर, ज्याच्या ईमेलवर, त्याचंच ते. तुम्ही पैसे दिले म्हणून ते तुमचं होत नाही.

आमचा बेदाण्याचा व्यवसाय. २०१६ साली एका ओळखीच्या माणसाने वेबसाइट करून दिली आणि नाव स्वतःच्या अकाउंटवर घेतलं. आम्ही दरवर्षी पैसे देत होतो, तो भरत होता. तीन वर्षांनी त्याने ते काम सोडलं, फोन नंबर बदलला. नूतनीकरणाची आठवण करणारे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले. एके दिवशी इंदूरच्या व्यापाऱ्याचा फोन, "भाईसाब, आपकी वेबसाइट नहीं खुल रही." तोवर मुदत संपून दोन महिने होऊन गेले होते.

तेव्हा कळलं ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो. डॉट कॉमची मुदत संपली की नाव लगेच हातचं जात नाही. नोंदणी कंपनीनुसार काही दिवस सवलतीचे असतात, जास्तीत जास्त पंचेचाळीस, त्यात नेहमीच्या दरात भरता येतं. ते संपले की तीस दिवस असे असतात की नाव परत मिळतं, पण दंडासारखी जादा रक्कम भरून. त्यानंतरचे पाच दिवस कुणीच काही करू शकत नाही, आणि मग नाव बाजारात मोकळं. आम्ही त्या तीस दिवसांत होतो, पैसे भरायला तयार होतो. पण अर्ज करणार कोण? खातं आमचं नव्हतं. ओळखीच्या माणसाचा शोध लागेपर्यंत नाव दुसऱ्याने उचललं. गोदामात पाचशे ग्रॅमच्या छापील बॉक्सचे गठ्ठे पडले होते, प्रत्येकावर ते नाव. पुढचे आठ महिने वडील आणि मी रात्री बसून त्यावर स्टिकर चिकटवत होतो.

म्हणून: खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर. तो ईमेल वेबसाइटच्या नावाचा नको, साधा जीमेल चालेल, नाहीतर वेबसाइट बंद पडली की मेलही बंद आणि पासवर्डही परत मिळवता येत नाही. मोबाइल नंबर तुमचा. बिल तुमच्या नावाने. मुलाला साइट चालवायला जेवढं लागतं तेवढंच द्या. आणि एकदम तीन-चार वर्षांचं भरून टाका. जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरता येतं.

आता नावाबद्दल. माझ्या मते डोमेन डोळ्याने नाही, कानाने निवडायचं. तुमचं गिऱ्हाईक नाव कुठे ऐकणार? भिशीत, लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून. ऐकलं की घरी जाऊन टाइप करणार. तोंडातून कानात आणि कानातून बोटात जाताना नाव मोडलं नाही पाहिजे.

मराठी शब्दांचं इथेच अडतं. आपल्याकडे ट, ठ, त, थ चार वेगळे, इंग्रजीत सगळ्यांना एकच टी, फार तर पुढे एच. ळ ला अक्षरच नाही. आ साठी कुणी एक ए लिहितं, कुणी दोन. व ला कुणी व्ही, कुणी डब्ल्यू. आता "काटवट" घ्या. दोन ट, एक व, एक आ. त्यात निम्मे लोक "काथवट" म्हणतात, त्यांचा एच आणखी वेगळा. शब्द कितीही जिवाभावाचा असला तरी दहा जण दहा तऱ्हांनी लिहितील.

"भाकरी"सुद्धा वाटतं तितकं सोपं नाही. कुणी के नंतर लगेच आर लिहितं, कुणी मधे ए घालतं. आणि मुंबईत गुजराती भाखरीमुळे के नंतर एच घालायची अनेकांना सवय, ती तर गव्हाची, वेगळीच वस्तू. सोलापूरचंही तसंच, जुन्या लोकांच्या हाताला अजून इंग्रजांच्या काळातलं "शोलापूर" आहे.

याउलट मसाला, मिरची, टिफिन. हे लिहिताना कुणी अडत नाही, कारण पाट्यांवर, पाकिटांवर तेच स्पेलिंग वर्षानुवर्षं डोळ्यांखालून गेलंय. मराठी नाव घ्यायचंच असेल, आणि घ्याच, तर असा शब्द शोधा ज्याचं इंग्रजी रूप लोकांच्या डोळ्यांत आधीच बसलंय.

आडवी रेघ अजिबात नको. आमच्या नावात होती. फोनवर सांगायचो "मधे डॅश", समोरचा विचारायचा "वरचा की खालचा?" खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, डोमेनमध्ये चालतच नाही. रेघ न देता लिहिलेले मेल कुठे जात होते देव जाणे, आमच्यापर्यंत आले नाहीत.

नागपूरहून, डिजिटल मार्केटिंगवाला

मला हे पूर्ण पटत नाही. लोक गूगलवर शोधतातच "सोलापूर कडक भाकरी" असं. मग तेच नाव असेल तर साइट वर येणार नाही का? अठरा अक्षरं असली तरी प्रत्येक शब्द ओळखीचा आहे. गिऱ्हाईक नाव टाइप करत नाही, शोधतं आणि क्लिक करतं. नियम त्रेसष्ट अक्षरांपर्यंत परवानगी देतो, अठरा काहीच नाही.

तासगावचा बेदाणा

दादा, शोधणाऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण निव्वळ नावात शब्द आहेत म्हणून साइट वर येण्याचे दिवस गेले. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये गूगलने नेमका हाच बदल केला, शोधलेले शब्द हुबेहूब डोमेनमध्ये असलेल्या सुमार साइट्स खाली ढकलल्या. "सोलापूर कडक भाकरी" हे शब्द पानाच्या मथळ्यात, फोटोखाली, मजकुरात असले तर शोधणाऱ्याला सापडेलच. त्यासाठी नाव खर्ची घालायचं कारण नाही.

आणि ताई उद्या काळा मसाला काढणार नाहीत का? ज्वारीची धपाटी? तेव्हा "कडक भाकरी" नावाच्या साइटवर मसाला विकायचा?

वकील, पुणे

थोडं कायद्याचं. वेबसाइटचं नाव, दुकानाचं किंवा कंपनीचं नाव आणि ट्रेडमार्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळालं म्हणजे बाकीची मिळाली असं नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण डोमेन घेतल्यावर "नाव आता आमचंच" असं धरून चालतात.

"सोलापूर कडक भाकरी" तुम्ही वापरू शकता, पण त्यावर हक्क सांगणं कठीण. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे की माल कोणता आणि कुठला एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. उद्या शेजारच्या गल्लीत कुणी शेवटी "वाले" लावून तीच साइट काढली तर तुम्ही काय म्हणणार? भाकरी सगळ्या सोलापूरची आहे.

स्वतंत्र नाव असेल तर चित्र बदलतं. डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे आपल्या न्यायालयांनी मान्य केलंय. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याहूचा खटला झाला, समोरच्याने पुढे "इंडिया" जोडून नाव घेतलं होतं, त्याला मनाई झाली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सत्यम इन्फोवे या कंपनीचा निकाल. त्यांचं नाव "सिफी", समोरच्याने एक एफ वाढवून तसंच नाव घेतलं होतं. कानाला दोन्ही सारखी. निकाल सत्यम इन्फोवेच्या बाजूने लागला. तासगावच्या दादांचा कानाचा मुद्दा इथे उलट बाजूनेही लागू होतो: तुमचं नाव ऐकायला दुसऱ्याच्या नोंदलेल्या नावासारखं असेल, तर स्पेलिंग वेगळं असून सुटका नाही.

तेव्हा पाउच छापण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. फुकट आहे. तुमचा वर्ग ३०, त्यात धान्याचे पदार्थ, मसाले, चटण्या येतात. शोधताना उच्चारसाधर्म्याचा पर्याय वापरा, फक्त हुबेहूब शब्द नका बघू. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. पावणेदोन लाखांच्या नावापेक्षा हे पैसे नक्की कामाला येतील.

नेटवर्कवाला, बंगळूर

राहिलेलं लिहितो.

डॉट कॉम की डॉट इन? तुमचं गिऱ्हाईक भारतातलं, त्यामुळे डॉट इन अगदी योग्य. ते निक्सी ही आपली संस्था चालवते, २००५ पासून सर्वांना खुलं आहे. पण माणूस सवयीने डॉट कॉमच टाइप करतो, म्हणून शक्य असेल तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्यावर वळवा. दोन्ही मोकळी असतील असंच नाव निवडा. डॉट इन घेतलं आणि त्याच नावाच्या डॉट कॉमवर दुसरा कुणी खाण्याचेच पदार्थ विकतोय, तर तुमच्या जाहिरातीवर त्याचं दुकान चालेल.

"पहिलं वर्ष फक्त नव्याण्णव रुपये" अशा ऑफर डॉटनंतरच्या नवनव्या शेपटांवर असतात. दुसऱ्या वर्षाचा दर आधी वाचा.

काटवट डॉट भारत. हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, मराठी आणि कोकणीसकट. तरी एकमेव पत्ता म्हणून अजून घेऊ नका. आतून हे नाव इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात साठवलं जातं, ते एक्स, एन आणि दोन रेघांनी सुरू होतं. कुठेकुठे लिंक पेस्ट केली की देवनागरीऐवजी तेच लांबलचक रूप दिसतं आणि लोकांना फसवणुकीची लिंक वाटते. देवनागरी ईमेल पत्ता तर अनेक फॉर्म स्वीकारतच नाहीत. शिवाय आपल्या लिपीतही स्पेलिंगचे घोळ आहेतच. "भाकऱ्या" मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकला जातो, दिसायला तोच, कॉम्प्युटरला मात्र वेगळा. "काटवट" मध्ये जोडाक्षर नाही, वेलांटी-उकार नाही, म्हणजे देवनागरीत नाव म्हणून ते उत्तम आहे. जोडीला घ्या आणि मुख्य साइटवर वळवा.

घेतल्यावर दोन गोष्टी त्याच दिवशी करा. खात्याला मोबाइलवर ओटीपी येणारी दुहेरी सुरक्षा लावा, आणि ट्रान्सफर लॉक, म्हणजे नाव परस्पर दुसरीकडे हलू न देणारं कुलूप, चालू आहे ना ते बघा. डॉट कॉम घेतल्यापासून पहिले साठ दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, म्हणून कंपनी निवडतानाच नीट निवडा.

दादरच्या काकू

मी विकणारी नाही, खाणारी आहे. वय एकाहत्तर. मला नातीने एकदा लोणच्याची साइट फोनवर सांगितली, चार वेळा टाइप केली, चारही वेळा भलतंच उघडलं. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. बाळा, आमच्यासारख्यांना एकदा सांगून कळेल असं ठेव. आणि चटणी तिखट की मध्यम हे पाउचवर लिही.

सोलापूरची सून

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन दिवस इथे आले नाही कारण तेच काम चालू होतं.

तासगावच्या दादांचं ऐकून जुन्या गिऱ्हाइकांपैकी चौदा जणींना फोन केले. नाव फक्त एकदा सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि त्यांनी ते इंग्रजीत लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. काटवट नऊ तऱ्हांनी लिहून आलं. लातूरच्या बाईंनी टी-एच घातला, डोंबिवलीच्या मुलीने डब्ल्यू, एकीने विचारलं "म्हणजे काय हो?" फोन ठेवल्यावर मी ती नऊ स्पेलिंगं वहीत एकाखाली एक लिहिली आणि सासूबाईंना दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण नऊ ओळी वेगळ्या आहेत हे दिसत होतं. म्हणाल्या, "मग राहू दे की. नाव असं पाहिजे की हाक मारल्यावर एकच जण यावा."

"सोलापूर कडक भाकरी" पाच जणींनी बरोबर लिहिलं. एच घातलेली भाखरी तिघींची, तिघीही मुंबईच्या.

रात्री सगळ्या चटणी कुटायला बसलो होतो, तेव्हा आमच्यातल्याच एकीने एक शब्द काढला. इंग्रजीत सहा अक्षरं, रोजच्या बोलण्यातला, आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग सगळ्यांनी कुठल्यातरी पाटीवर पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्याच चौदा जणींना पुन्हा फोन. तेरांनी सारखं लिहिलं, चौदावीने मधे जागा सोडली होती. दादरच्या काकू, तुमचा नंबर असता तर पंधरावा फोन तुम्हाला केला असता. पाउचवर मिरचीची चित्रं टाकतोय, एक म्हणजे मध्यम, तीन म्हणजे आमच्या घरची.

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे वर्ग ३० मध्ये शोध घेतला, उच्चाराने जवळचंही काही निघालं नाही. अर्ज काल केला. नाव अजून इथे लिहीत नाही, पाउच हातात आले की लिहीन. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही माझ्या जीमेलवर, तीन वर्षांचे पैसे भरून घेतले. वेबसाइटवाल्या मुलाला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, बरोबर केलंत." त्याच्या कामाचे पैसे आम्ही वेगळे आणि वेळेवर देणार आहोत. काटवट डॉट भारतही घेतलंय.

आणि काटवट पाउचवर आहे. नावाच्या वर तिचं रेखाचित्र टाकलंय. डिझाइन करणाऱ्याने पहिल्यांदा काढलं तेव्हा ती अगदी नवी कोरी, गोल गरगरीत काढली होती. सासूबाईंनी ते मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि परत पाठवायला लावलं. कडेची पत्र्याची पट्टी राहिली होती.